रानात न्यायचा चाकू: जाड पाठीचा की पातळ पात्याचा?

तापीकाठ (चोपडा)

चंपाषष्ठी झाली की आमच्या शेतात भरताच्या पंगती सुरू होतात. गेल्या रविवारी बारा माणसं होती. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हिरवी भरताची वांगी, भरीत ठेचायचं बडगी-मुसळ धुऊन ठेवलेलं, आणि चिराचिरीचं काम माझ्याकडे. मी माझा आवडता चाकू काढला. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेला, पाठ पाच मिलिमीटर जाड, पातं साडेचार इंच, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध. हातात घेतला की वाटतं, आता काहीही पुढ्यात येऊ दे.

कांद्याच्या पातीची जुडी फळीवर धरली आणि चिरायला लागलो. वरच्या चार पाती तुटल्या, खालच्या चेपून फळीला चिकटल्या. कांदा अर्ध्यापर्यंत कापला गेला आणि पुढे कट्टदिशी फुटला. धार नव्हती म्हणावं तर आदल्या रात्रीच लावली होती, मनगटावरचे केस उतरत होते. वडील शेजारी लसूण सोलत बसले होते. त्यांनी न बोलता आपला चाकू माझ्याकडे सरकवला. मशीनच्या तुटलेल्या हॅक्सॉ (लोखंड कापायच्या करवतीच्या) ब्लेडचा, वीस वर्षांपूर्वी लोहाराकडून करून घेतलेला, मूठ बाभळीची. त्याच जुडीतून तो असा गेला की पातीच्या नळ्या गोलच्या गोल राहिल्या. घरी येऊन मोजलं, पाठ १.६ मिलिमीटर.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. जाड पात्याचा सगळ्यात मोठा गुण सांगतात तो हा, की पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडता येतं. हे कुठे लागतं? जिथे वर्षाचे बरेच महिने पाऊस नाही तर बर्फ, पडलेलं लाकूड बाहेरून ओलं, आणि आतला कोरडा गाभा काढल्याशिवाय जाळ धरत नाही, अशा मुलखात. आपल्याकडे पऱ्हाटी आणि तुराटी गुडघ्यावर मोडते. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे वाळलेल्या लाकडाची काय कमी?

दोन वर्षांत त्या चाकूने मी काय काय केलं ते आठवून पाहिलं. कांदे, वांग्यांची देठं, मिरच्या, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोणीची सुतळी, पेरू, एकदा काटा काढायला बाभळीची काडी तासली. यातलं एकही काम पाच मिलिमीटरचं नव्हतं. तरी मी तो दोन वर्षं कौतुकाने वागवला. म्हणून विचारतो, खान्देशात ज्याला जाड पात्याची खरोखर गरज पडली असा कोणी आहे का? कुठे, कशासाठी, ते सविस्तर लिहा.

सातपुडा_पायी

भाऊ, मी आहे.

ऑगस्टातलं तोरणमाळ. यशवंत तलावाच्या वरच्या अंगाला आम्ही चौघं ओळखीच्या एका घराच्या पडवीत उतरलो होतो. तीन दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं. घरधन्याच्या चुलीजवळचं सरपणही दमट झालं होतं आणि कुऱ्हाड त्यांच्या मुलाने दुसऱ्या पाड्यावर नेलेली. माझ्याकडे साडेचार मिलिमीटर पाठीचा चाकू होता. मनगटाएवढी सागाची वाळलेली फांदी उभी धरली, वर चाकू आडवा टेकवला आणि दांडक्याने पाठीवर ठोकत गेलो. बाहेरचं ओलं साल वेगळं, आतलं लाकूड पिवळंधमक कोरडं. त्याच्या बोटाएवढ्या कांड्या केल्या, कांड्यांवर बारीक कुरळे काढले, आणि दहा मिनिटांत चूल पेटली. सोबतच्या मुलाला थंडीने हुडहुडी भरली होती, त्याला गरम पाणी देता आलं.

तुमचा वाळलेल्या लाकडाचा हिशेब मला मान्य आहे. पण सातपुड्यात आम्ही जातो ते मुख्यत्वे पावसाळ्यातच, कारण धबधबे तेव्हा असतात. वडिलांच्या १.६ मिलिमीटरच्या चाकूला मी त्या रात्री हातही लावला नसता. हॅक्सॉचं पोलाद कडक असतं, पाठीवर घाव बसला की काचेसारखं तुटतं, आणि तुटलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

तापीकाठ (चोपडा)

दादा, हाच अनुभव वाचायचा होता. फक्त एक विचारतो. कुऱ्हाड घरात असती तर चाकू काढला असता का?

सातपुडा_पायी

नसता काढला. पण चार दिवसांच्या पायपिटीला पाठीवर कुऱ्हाड कोण घेतं? एकच हत्यार न्यायचं म्हटलं की मी जाडीकडे झुकतो. वैमानिकाचंही असंच आहे. अमेरिकेच्या जेट वैमानिकांना दिलेल्या चाकूने विमानाचा पत्रा फाडून बाहेर पडता यावं अशी अपेक्षा होती. तिथे पातळ पातं कोणी देणार नाही.

स्वीडनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मोरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा साधा चाकू तिथले सुतार आणि शेतकरी वापरतात, त्याच्या रोजच्या मॉडेलचं पातं २.५ मिलिमीटर. त्याच देशाच्या हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी घेतलेला फालक्निव्हेन एफ १ मात्र ४.५ मिलिमीटरचा. देश एक, जंगल एक, थंडी एक. शेतकऱ्याच्या घरात कुऱ्हाड आहे, वैमानिकाकडे दुसरं काहीच नाही.

ऐरण (एरंडोल)

आमच्या घरी लोहारकाम आजोबांपासून आहे. आता मी मुख्यतः वेल्डिंग आणि शेतीची अवजारं करतो, पण विळे, कोयते आणि मागणीप्रमाणे चाकूही होतात. दोघांचंही वाचलं. दोघंही पाठीची जाडी मोजताय. माल कापते ती धार, आणि धारेच्या लगेच मागे पोलाद किती आहे त्यावर सगळं ठरतं. पाठ पाच असो की सहा, तिथून धारेपर्यंत उतार नीट उतरवलेला असेल तर चाकू चांगला चिरतो. पाठ तीन आणि उतार खाली शेवटच्या पाव इंचात आखूड मारलेला असेल तर तो कांदा फोडतो, कारण आत शिरल्यावर तो पाचर होतो.

मग बाजारात जाड धारेचे चाकू इतके का? करणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पातळ पातं करणं अवघड आहे. आम्ही ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेतो. पट्टी आठ मिलिमीटरची असली तर ती तीनवर आणायला किती वेळा भट्टीत घालावी लागते आणि किती कोळसा जातो, ते भाता चालवणाऱ्यालाच ठाऊक. त्यानंतर पाणी द्यायचं, म्हणजे पातं कडक करायचं. पातं लाल करायचं, लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं, आणि तेलात सोडायचं. जाड पातं सरळ बाहेर येतं. पातळ पातं वळतं. एक बाजू क्षणभर आधी निवली तरी धनुष्य होतं, कधी धारेला केसाएवढी चीर जाते आणि दिवसाची मेहनत भंगारात. म्हणून बहुतेक जण पाणी देताना पातं जाडच ठेवतात आणि नंतर सानेवर घासून बारीक करतात. आणि खरा आळस इथे होतो. पाणी दिलेलं पातं घासणं फार वेळखाऊ आहे. घाई केली तर ते तापतं, धारेला निळा रंग चढतो, आणि निळा चढला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. मग ती धार दोन दिवसही टिकत नाही. हे टाळायला दर फेरीला पाण्यात बुडवत बसावं लागतं. एवढा धीर नसला की जाड धार तशीच सोडून देतात, आणि गिऱ्हाईकाला वजन आवडतंच.

दुसरी गोष्ट. जाड धारेचा चाकू मोडून परत येत नाही. विकणाऱ्याला ते सोयीचं असतं.

तुमच्या वडिलांच्या चाकूबद्दल. जुन्या मशीन हॅक्सॉचं ब्लेड अख्खं हायस्पीड पोलादाचं असायचं. ते मुळातच कडक, त्याला आम्ही भट्टी दाखवत नाही, फक्त घासून आकार देतो. घासताना गरम झालं तरी आमच्या पाट्याच्या पोलादाइतकं लवकर नरम पडत नाही. म्हणून गावोगावच्या लोहारांचं ते आवडतं पोलाद. सातपुडा_पायी यांचं म्हणणं मात्र अगदी बरोबर, त्याला ठोकायचं नाही आणि पिळायचंही नाही.

मी लहान असताना एकाने चाकू आणला होता, ठोकून ठोकून पाठ फुलासारखी पसरलेली. आजोबांनी तो हातात घेऊन विचारलं होतं, "लाकूड फोडाले कुऱ्हाड शे ना, चाकूले कसाले ठोकस?"

वर्निअर (भुसावळ)

टूलरूममध्ये आयुष्य गेलं, पुढे मुलांना शिकवलं. ऐरण यांनी मुद्दा नेमका पकडला आहे, त्याला थोडे आकडे जोडतो.

पातं आडवं वाकायला जो विरोध करतं तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट. म्हणून जाड चाकू हातात घेताच भरवसा वाटतो. तो भास नाही, ते पातं खरोखरच आठपट ताठ आहे. वजन मात्र फक्त दुप्पट होतं. दहा सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद पोलादी पट्टी पाच मिलिमीटरची असेल तर साधारण ११८ ग्रॅम, अडीचची असेल तर ५९. एवढ्यावर पाहिलं तर जाड पातं फायद्याचंच दिसतं.

आता कापण्याचं पाहू. तीन सेंटिमीटर रुंद पातं पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं उतरवलं, तर पाच मिलिमीटरच्या पात्याचा एकूण कोन साडेनऊ अंश येतो आणि अडीचच्या पात्याचा पावणेपाच. कांद्यातून अख्खं पातं पार जातं, म्हणून हा फरक पुरेपूर जाणवतो. पण पाच मिलिमीटरच्या पात्याला खालच्या बारा मिलिमीटरमध्येच उतार दिला, तर कोन होतो साडेतेवीस अंश. त्या पात्यासाठी कांदा अर्ध्यावर फुटणं ठरलेलंच आहे.

गंमत पुढे आहे. मोराच्या पद्धतीचा अडीच मिलिमीटरचा चाकू घ्या, ज्याचा उतार सहा मिलिमीटरचा. त्याचाही कोन साडेतेवीसच येतो. म्हणून लाकडाची साल काढताना, काडी तासताना दोघं जवळजवळ सारखे चालतात. तिथे धार लाकडात जेमतेम मिलिमीटरभर शिरते, पाठ आत जातच नाही. फरक पडतो खोल कापताना. लाकूड तासायला जाड चालतो म्हणणारा आणि कांदा चिरायला चालत नाही म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

तापीकाठ, एक करा. व्हर्निअर कॅलिपरने धारेपासून एक मिलिमीटर वर दोन्ही चाकूंची जाडी मोजा आणि इथे टाका. जबडे हळू टेकवा, धारेवर घासू देऊ नका.

तापीकाठ (चोपडा)

बापू, मोजलं. तीन-तीन जागी मोजून सरासरी काढली. माझा जाड चाकू १.१ मिलिमीटर. वडिलांचा ०.३. मला पाठीतला फरक तिप्पट दिसत होता, धारेमागे तो जवळपास चौपट निघाला.

वर्निअर (भुसावळ)

मग तुमच्या पातीने बरोबर साक्ष दिली.

केळीबाग (रावेर)

मी रानात हिंडणारी नाही, पण आमची केळी आहे आणि दिवसभर हातात काहीतरी धारेचं असतंच. भाऊ, तुम्ही ज्याला आउटडोअर चाकू म्हणता त्याच्या दसपट काम आमच्या मजुरांचा इळा करतो, आणि त्याचं पातं बघा किती बारीक असतं. वाळलेली पानं काढणं, पिलं (खोडाजवळचे कोंब) कापणं, कमळ (केळफूल) तोडणं, घड उतरवणं. केळीचं खोड म्हणजे पाण्याने भरलेल्या पदरांची गुंडाळी. जाड पातं त्यात शिरतं आणि अडकतं. बारीक पातं वेगाने मारलं की आरपार. इथे वजन लागत नाही, वेग लागतो.

एक काळजीची गोष्ट सांगते. केळीचा चीक साध्या पोलादाला एका दिवसात काळा करतो. कपड्यावरचा डाग तर जन्मात जात नाही. आमच्याकडे संध्याकाळी इळे राख लावून घासतात, कोरडे पुसतात आणि गोडंतेल लावून खुंटीला अडकवतात. पातळ पात्याला गंज चढला तर धारेला आधी खड्डे पडतात, तिथे घासून काढायला मुळात पोलादच थोडं असतं. जो पातळ घेईल त्याने हे रोजचं पुसणं मनाशी कबूल करून घ्यावं.

डोळे_भरणारा (मेहरूण)

आमचा डोळा भरायचा, म्हणजे कलमासाठी फांदीवरचा अंकुर काढून बसवायचा चाकू दाखवायला हवा. बोरीच्या फांदीवरून डोळा उचलताना साल आणि आतलं ओलं लाकूड यांच्यामधून पातं सरकवायचं असतं. जरा जाड झालं की साल उचकटते, कडा चेपतात आणि डोळा वाळतो. धार लागलेली नसेल त्या दिवशी मी डोळे भरतच नाही. पातळ म्हणजे किती पातळ असू शकतं हे ज्याला पाहायचं त्याने कलम करणाऱ्याच्या खिशात पाहावं.

अक्राणी (धडगाव)

जाड पात्याच्या बाजूने बोलणारे कमी दिसतात म्हणून लिहितो. बांबू.

आमच्याकडे घराच्या भिंती, कणग्या, टोपल्या, सगळं बांबूचं. बांबू कापायचा नसतो, उकलायचा असतो. टोकाला पातं ठेवून एक ठोका दिला की चीर पडते. मग मनगट जरा पिळायचं. चीर पात्याच्या पुढे पळते, पेर आला की टच्चकन आवाज होतो, पुन्हा पळते. धार त्या वेळी कशालाच लागलेली नसते, काम पात्याच्या पोटाचं असतं. पातळ पातं बांबूच्या दोन फाकांमध्ये दाबलं जातं आणि पिळलं की वाकतं. इथे ऐरणदादांची पाचरच पाहिजे. माझा त्यासाठीचा कोयता पाठीला सहा मिलिमीटर आहे. कामट्या तयार झाल्या की आतला गर सोलायला मात्र वेगळी पातळ सुरी. एकाच पात्यात दोन्ही मागितलं तर एक काम नासतं.

आणि अंजन. यावलकडच्या लोकांना माहीत असेल, अंजनाचं वाळलेलं लाकूड म्हणजे लोखंडच. मी एकदा शेताच्या बांधावर पडलेल्या वाळक्या फांदीची गाठ नव्या पातळ चाकूने तासायला गेलो. दोन-तीन हात नीट चालले. मग गाठीच्या कडेला धार किंचित आडवी झाली आणि अर्ध्या तांदळाएवढा चंद्रकोरीचा तुकडा निघाला. उन्हात धरलं तर त्या जागी प्रकाश चमकत होता. तो खड्डा जाईपर्यंत दगडावर दोन संध्याकाळी घासलं. पातळ धारेचं कौतुक करताना हेही लिहिलं पाहिजे. तिला माया करावी लागते, आणि घाईत काम करणाऱ्याच्या हातात ती टिकत नाही.

तापीकाठ (चोपडा)

बांबूचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या भागात बांबूकाम कमी, म्हणून मी सगळ्या खान्देशाचा हिशेब माझ्या शेतावरून मांडला. तेवढं मागे घेतो.

अनेरकाठ

चर्चेत एक गोष्ट यायला हवी. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे. पातळ-जाड असा भेद तिथे नाही. आत जायचं असेल तर नाक्यावर आधी विचारा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा वेगळा विचार आहे, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून गावातला कोयता चालतो, पण तोच एसटीत कमरेला लावून फिरू नका. पिशवीत, म्यानात, डब्याच्या शेजारी ठेवा. शिवाय पोलिसांचे स्थानिक आदेश सणासुदीला बदलतात.

आणि उभ्या झाडाला हात लावू नका. ठोकून फोडून पाहायची हौस असेल तर आपल्या बांधावरचं पडलेलं लाकूड पुरे.

गडवाटा

मी धुळ्याचा, सध्या नाशिकला शिकतो. सुट्टीत लळिंग, सोनगीर, थाळनेर असं फिरतो. पहिलाच चाकू घ्यायचा आहे. काम म्हणजे काकडी, कांदा, ब्रेडचं पाकीट, दोरी. काकांनी जाडच घे म्हणून सांगितलंय, आयुष्यभर पुरेल म्हणाले. काय करू?

सातपुडा_पायी

गडवाटा, मी इथला जाड पात्यावाला, तरी तुला पातळच सुचवतो. तुझ्या यादीत फोडायचं काही नाही.

घडीचा चालत असेल तर ओपिनेल क्रमांक ८ बघ. फ्रान्सच्या सावोय भागातला, १८९० पासूनचा. पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठ दोन मिलिमीटरच्याही आत, काकडी तर नुसती टेकवली की उतरते. पातं बंद होऊन बोटावर पडू नये म्हणून मानेला फिरवायची कडी आहे, ती १९५५ पासून आहे. उघडल्यावर कडी फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. एक त्रास माहीत असू दे. मूठ लाकडी, पावसात भिजली की फुगते आणि पातं बाहेर निघता निघत नाही. निघण्याआधी खाचेत थोडं तेल सोडत जा.

घडीचा नको असेल तर मोराचा अडीच मिलिमीटरवाला घे. त्याचा उतार रुंद आणि सपाट असतो, दगडावर टेकवला की आपोआप बरोबर कोनात बसतो. धार लावायला शिकणाऱ्याला त्याहून सोपं पातं मी पाहिलेलं नाही. कांदा तो ओपिनेलइतका देखणा चिरणार नाही, कारण वर्निअर बापूंनी वर सांगितलंच आहे. पण काठी तासशील, दोरी कापशील, पावसात निश्चिंत राहशील.

काकांना सांग की आयुष्यभर पुरणं हे पुसण्यावर आणि धार लावण्यावर आहे. तापीकाठच्या वडिलांचा १.६ मिलिमीटरवाला वीस वर्षांचा आहे.

गडवाटा

मोराचा घेतो. काकांना हा धागा वाचायला देतो.

ऐरण (एरंडोल)

तापीकाठ, तुमच्या पाच मिलिमीटरवाल्याला टाकून देऊ नका. पोलाद वाईट नाही, फक्त घासायचं काम अर्धवट सोडलेलं आहे. एकदा इकडे आला तर आपण तो उतरवू. पाठीला हात लावायचा नाही, तुमचा भरवसा तसाच राहू द्यायचा. पाठीखालचा भाग धारेपर्यंत बारीक करायचा आणि टोक निमुळतं.

तापीकाठ (चोपडा)

तीन आठवड्यांनी लिहितोय. परवा एरंडोलला जाऊन आलो.

सकाळी दहाला बसलो ते साडेतीन वाजले. ऐरणभाऊंनी आधी धार सपाट करून मारून टाकली, कारण बारीक धार सानेवर सगळ्यात आधी तापते. पात्याला मार्करने शाई फासली, म्हणजे सान कुठे लागते आणि कुठे नाही ते दिसतं. मग एक फेरी उजवीकडून, बादलीत बुडव, एक फेरी डावीकडून, बादलीत बुडव. हातात मोजे घातलेच नाहीत. म्हणाले, उघड्या बोटाला पातं गरम लागलं की थांबायचं, मोजा घातला तर कळत नाही. जुन्या उताराची कड, ती आधी स्पष्ट रेघ होती, हळूहळू वर सरकत पाठीजवळ जाऊन विरून गेली. पाण्यात करड्या रंगाचा गाळ साचत होता. बादली दोनदा बदलली. शेवटी कुरुंदाच्या दगडावर हाताने नवी धार काढली आणि जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर फिरवली.

मोजमाप असं. पाठ मुठीजवळ अजून पाचच. टोकाजवळ तीन. धारेमागे १.१ होतं ते ०.५ झालं. ०.३ पर्यंत न्यायला भाऊ तयार नव्हते, म्हणाले हा चाकू तुम्ही कधीतरी ठोकणारच, तेवढं पोलाद असू द्या. वजन २३० ग्रॅम होतं, १९६ भरलं.

काल घरी पातीची जुडी चिरली. वडिलांच्या चाकूसारखं झालं नाही, ते होणारही नाही. पण पात चेपली नाही आणि कांदा कापला गेला, फुटला नाही. आज सकाळी बांधावरच्या बाभळीची वाळलेली फांदी घेऊन सातपुडा_पायी यांच्यासारखं ठोकूनही पाहिलं. अंगठ्याएवढी सहज फुटली. मनगटाएवढीला गाठ होती, तिथे मी थांबलो आणि कुऱ्हाड आणली. धारेवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.

वडिलांनी तो हातात घेऊन बोटाच्या पेराने धारेमागचा भाग चाचपला, मग पाठ चाचपली. "आता बरा आहे," म्हणाले, "पण लसणाला माझाच दे."

अक्राणी (धडगाव)

भाऊ, ०.५ बरोबर आहे. बांबूला नेऊ नका म्हणजे झालं.

केळीबाग (रावेर)

घासल्यावर पोलाद उघडं पडलंय, आधीची काळी पुटं गेली असतील. आजच तेल लावा. म्यान चामड्याचं असेल तर त्यात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

तापीकाठ (चोपडा)

ताई, म्यानातच होता. आत्ता काढून बघितलं, मुठीजवळ तांबूस ठिपका दिसायला लागलाय. राख आणतो.